जुन्या गोव्यातील झेवियर समाधीचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जीनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने गोवे येथील बॉम जेझुस बासिलिकेत गेलेला माणूस मान वर करून सोळाव्या शतकातला धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर याचे शव ठेवलेली चांदीची पेटी पाहतो, हात जोडतो आणि पुढे सरकतो. ती पेटी ज्या दगडी-काँस्य चौथऱ्यावर ठेवली आहे, त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते आणि तो घडवणाऱ्याचे नाव तर जवळजवळ कुणालाच ठाऊक नसते. तो माणूस, जोव्हानी बात्तिस्ता फोज्जीनी, इटलीतल्या फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा मुख्य शिल्पकार आणि मुख्य वास्तुविशारद होता. युरोपातल्या बारोक काळातल्या (सतराव्या शतकाच्या आसपासची भपकेदार, हालचालीने भरलेली कलाशैली) एका मोठ्या दरबारी कलावंताची आख्खी कारकीर्द या एका चौथऱ्यात उभी आहे आणि ती पाहायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. गोव्याला जाणारे वाचक, कला शिकणारे विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरे पुढे देत आहे.

फोज्जीनी नेमका कोण होता?

जोव्हानी बात्तिस्ता फोज्जीनी 1652 मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मला आणि 1725 मध्ये तिथेच वारला. रोममधली शिक्षणाची वर्षे सोडली तर त्याचे सगळे आयुष्य एका शहरात आणि एकाच घराण्याच्या चाकरीत गेले. ते घराणे मेदिची. त्याचा धनी म्हणजे तोस्काना प्रांताचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो. त्याने 1670 ते 1723 अशी त्रेपन्न वर्षे राज्य केले. म्हणजे फोज्जीनी अठरा वर्षांचा असताना जो गादीवर बसला, तोच फोज्जीनीच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधीपर्यंत गादीवर होता. कलावंताच्या आयुष्याला इतका लांब आणि इतका एकसलग आश्रय क्वचितच मिळतो.

गोव्यात त्याचे नेमके काय आहे?

संताच्या शवपेटीखालचा संपूर्ण चौथरा. तो चारही बाजूंनी मोकळा उभा आहे आणि एकावर एक थरांनी वर निमुळता होत जातो. तळाशी लालसर-जांभळट जास्पर दगड आणि इटालियन संगमरवर, त्यावर देवदूत-बालकांच्या आकृती, मधल्या थरात प्रत्येक बाजूला एक असे काँस्याचे चार उठावशिल्प-फलक आणि वर रंगीत दगडांचे जडावकाम. या सगळ्याच्या माथ्यावर पेटी.

चार फलकांवर संताच्या आयुष्यातले चार प्रसंग आहेत: लोकांना उपदेश करणे, बाप्तिस्मा देणे, आजच्या इंडोनेशियातल्या मोरो बेटांवरच्या रहिवाशांपासून जीव वाचवून निसटणे आणि चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर 3 डिसेंबर 1552 रोजी आलेला मृत्यू.

हे काम 1690 च्या दशकात फ्लॉरेन्सच्या दरबारी कारखान्यांत झाले, 1697 मध्ये जहाजावर चढले आणि 1698 मध्ये जुन्या गोव्यात उभे राहिले.

मग चांदीची पेटीही त्याचीच का?

नाही. ती त्याच्या जन्माच्याही आधीची, 1636-37 सालची, गोव्यातल्याच सोनार-रुपेकारांच्या हातची आहे. तिच्यावर संताच्या जीवनातले प्रसंग चांदीच्या पत्र्यात उठवले आहेत. पर्यटकांना दोन्ही कामे इटलीची म्हणून सांगितली जातात, याचे मला वाईट वाटते. वरचे नाजूक काम आपल्या इथल्या कारागिरांचे आहे, हे नीट सांगायला हवे. फ्लॉरेन्सच्या दरबाराने जे पाठवले ते गोव्याच्या चांदीला उचलून धरण्यासाठी, असा हा क्रम आहे.

फोज्जीनी गोव्याला आला होता का?

कधीच नाही. दरबारी कारखान्यातला प्लाचिदो राम्पोनी नावाचा कारागीर एका मदतनिसासह सुटे भाग घेऊन निघाला, लिस्बनमार्गे पोर्तुगीज जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून गोव्यात पोचला आणि त्याने चौथरा जुळवला. राम्पोनीने या प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि ती टिकून आहे.

या गोष्टीवर थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. जी खोली आपण कधी पाहिली नाही, जिथला उजेड कसा पडतो हे ठाऊक नाही, तिथल्यासाठी फोज्जीनीने रचना केली. वर ठेवायची पेटी दुसऱ्या खंडात, दुसऱ्या हातांनी, साठ वर्षांपूर्वी बनवलेली. मधल्या समुद्रप्रवासात खारी हवा, बोटीचे हेलकावे, चढ-उतार. पोचल्यावर एखादा कोपरा फुटलेला निघाला असता तर दुरुस्तीसाठी परत पाठवण्यात वर्षे गेली असती. म्हणून प्रत्येक भाग असा घडवावा लागला की शिल्पकार जागेवर नसतानाही जुळणी बिनचूक व्हावी. हे मूर्तिकाराचे कौशल्य आहेच, पण त्याहून जास्त ते वास्तुविशारदाचे आणि कारखाना चालवणाऱ्या माणसाचे आहे. फोज्जीनी या तिन्ही भूमिकांत होता म्हणून हे जमले.

तो शिकला कुठे?

रोममध्ये, आणि सरकारी खर्चाने. तिसऱ्या कोझिमोला एक बोच होती. मायकेलअँजेलो आणि जांबोलोन्या या सोळाव्या शतकातल्या शिल्पकारांचे फ्लॉरेन्स शिल्पकलेत मागे पडले होते. सगळे नवे रोममध्ये, बारोक काळातला सर्वांत गाजलेला शिल्पकार बर्नीनी याच्या भोवती घडत होते. म्हणून त्याने 1673 मध्ये रोममध्ये मेदिची घराण्याची एक अकादमी उघडली आणि फ्लॉरेन्सची होतकरू मुले तिकडे पाठवली. पहिल्या तुकडीत एकवीस वर्षांचा फोज्जीनी होता.

शिक्षक दोन. मूर्तिकाम शिकवायला एर्कोले फेर्राता. पोपच्या दरबारातल्या बर्नीनीच्या मोठ्या कामांवर त्याचा हात होता. रोममध्ये पाठीवर स्तंभ घेतलेला जो प्रसिद्ध दगडी हत्ती आहे, तो बर्नीनीच्या रचनेवरून फेर्राताने कोरला. चित्ररचना शिकवायला चीरो फेर्री, चित्रकार प्येत्रो दा कोर्तोनाचा शिष्य. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हातात एकीकडून बर्नीनीचा आवेग आला आणि दुसरीकडून कोर्तोनाची गर्दीने भरलेली तरी मोकळी वाटणारी चित्ररचना. फोज्जीनीच्या उठावशिल्पांत हे दोन्ही आयुष्यभर दिसत राहते.

1676 मध्ये तो परतला. अकादमी पुढे 1686 मध्ये बंद झाली. जेमतेम तेरा वर्षे चाललेल्या या शाळेतून फोज्जीनी, मास्सिमिलियानो सोल्दानी, कार्लो मार्चेल्लीनी असे शिल्पकार बाहेर पडले आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे फ्लॉरेन्सचे शिल्पकाम त्यांनी वाहिले. राज्यकर्त्याने कलाशिक्षणावर केलेला खर्च इतका थेट फळाला आल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

‘दरबारी शिल्पकार आणि वास्तुविशारद’ या पदावरच्या माणसाला काय काय करावे लागे?

आज आपल्याला वाटते तसे पुतळे कोरत बसणे एवढेच नव्हते. त्याच्या बढत्यांचा क्रम पाहिला की कामाचा आवाका कळतो.

आधीचा दरबारी शिल्पकार फेर्दिनांदो ताक्का 1686 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, 1687 मध्ये, ते पद पस्तीस वर्षांच्या फोज्जीनीकडे आले आणि त्यासोबत बोर्गो पिंती रस्त्यावरचा जुना ओतकारखानाही. या कारखान्याला परंपरा होती. तो मूळ जांबोलोन्याचा, त्याच्यानंतर प्येत्रो ताक्का, मग त्याचा मुलगा फेर्दिनांदो. भट्ट्या, साचे, जुने नमुने, पिढीजात ओतारी, सगळे तिथे होते. गाण्यातल्या घराण्यासारखी ही गादी एका हातातून दुसऱ्या हातात येत होती आणि फोज्जीनी तिचा वारस ठरला.

1694 मध्ये तो दरबाराचा मुख्य वास्तुविशारदही झाला आणि ग्रँड ड्यूकच्या कारखान्यांची देखरेखही त्याच्याकडे आली. हे कारखाने 1588 मध्ये मेदिचींनी संघटित केले होते. दगडजडाव करणारे, सुतार, सोनार, ओतारी, स्फटिक कोरणारे, सगळे एका छपराखाली. आता राजवाड्याच्या कपाटापासून चर्चच्या वेदीपर्यंत, राजकन्येला द्यायच्या भेटवस्तूपासून संताच्या अस्थिपात्रापर्यंत प्रत्येक गोष्टीचा आराखडा फोज्जीनीच्या टेबलावरून जाऊ लागला. सण-समारंभ, राजघराण्यातल्या मृत्यूनंतरची सजावट, परदेशी राजांना पाठवायचे नजराणे हेही त्याच खात्यात. स्वतःच्या मनाचे विषय निवडण्याची मुभा जवळजवळ नाही. पण साधने, दगड, धातू आणि हाताखाली युरोपातले उत्तम कारागीर मात्र हवे तितके.

इतके सगळे त्याने स्वतःच्या हाताने केले?

शक्यच नव्हते, आणि तशी कुणाची अपेक्षाही नव्हती. तो रेखाटन करी, मेणाचा किंवा मातीचा नमुना बनवी, तो मंजूर झाला की कारागिरांमध्ये काम वाटे, ओतल्यानंतरचे सफाईकाम तपासे. एकाच वस्तूवर सुतार, दगडकाम करणारा आणि ओतारी असे तिघे-चौघे राबत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे जावयासाठीचे कपाट. कोझिमोची मुलगी आन्ना मारिया लुईझा जर्मनीतल्या पॅलाटिनेट राज्याच्या इलेक्टरला (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राज्यकर्त्याला) दिली होती. त्या जावयासाठी कोझिमोने 1709 मध्ये एक भव्य कपाट पाठवले. शिसवी काळ्या लाकडाचे, सोनेरी काँस्याचे आणि रंगीत दगडांच्या फुलाफळांचे. आराखडा फोज्जीनीचा, दगडात कोरलेले काम जुझेप्पे आंतोनियो तोर्रिचेल्लीसारख्या निष्णात माणसाचे. इलेक्टर वारल्यावर ती विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा कपाटही परत आणले. आज ते फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात आहे.

त्यामुळे “गोव्याचा चौथरा खरंच फोज्जीनीचा का?” असे कुणी विचारले तर मी होच म्हणेन. कल्पना, प्रमाणे, फलकांची रचना त्याची आहे. दगड घासणारे हात अनेकांचे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

रंगीत दगडांचे हे काम करत कसे?

अतिशय सावकाश. जास्पर, अकीक, लाजवर्द असे कठीण दगड लोखंडी पात्याने कापले जात नाहीत. फ्लॉरेन्सचे कारागीर लाकडी धनुष्याला लोखंडी तार ताणून बसवत. दगडाची पातळ चकती शिकंज्यात धरायची, तारेवर ओली अपघर्षक पूड सोडत राहायचे आणि धनुष्य मागे-पुढे ओढायचे. दगड तारेने कापला जात नाही, पुडीने झिजतो. कागदावरच्या आराखड्याचे तुकडे चकत्यांवर चिकटवून दगडातला नेमका रंगछटेचा भाग निवडायचा. पानाची शीर हवी तर तशी नैसर्गिक रेघ असलेला दगड शोधायचा. मग तुकडे कडेला कड भिडवून चिकटवायचे, पाठीमागे आधाराला दुसरा दगड लावायचा आणि पुढची बाजू आरशासारखी घोटायची.

आग्र्याची पच्चीकारी पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक असा की ताजमहालात पांढऱ्या संगमरवरात खाच कोरून तिच्यात दगड बसवतात, तर फ्लॉरेन्सच्या पद्धतीत बऱ्याचदा आख्खा पृष्ठभागच दगडांच्या तुकड्यांचा असतो. ताजमहालाचे काम भारतीय कारागिरांचे, पण फ्लॉरेन्सचे फलक मोगल दरबारापर्यंत पोचले होते हेही खरे. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्ये सिंहासनामागे वाद्य वाजवणाऱ्या ऑर्फियसचा (ग्रीक पुराणकथेतला गायक) जो छोटा फलक आहे, तो फ्लॉरेन्सच्या बनावटीचा मानला जातो.

काँस्यफलकांत काय पाहावे?

खोली. फलकाची जाडी मोजली तर ती फार नाही, पण डोळा त्यात दूरवर जातो. पुढच्या आकृती जवळजवळ सुट्या पुतळ्यांसारख्या बाहेर येतात, मधल्या अर्ध्या बुडालेल्या आणि मागचे देखावे, झाडे, ढग नुसत्या ओरखड्यासारखे. रोममध्ये फेर्रीकडे शिकलेली चित्ररचना इथे धातूत उतरली आहे.

मेणाचा नमुना मातीच्या आवरणात गाडायचा, भट्टीत मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेले काँस्य ओतायचे, ही पद्धत. पण ओतून बाहेर आलेला फलक खडबडीत असतो. त्यानंतर छिन्नी, कानस आणि ठोकणीने जे काम होते, त्यावरच कपड्याची चुणी आणि चेहऱ्याची कातडी वेगवेगळी दिसते. फ्लॉरेन्सचे ओतारी या शेवटच्या कामासाठीच प्रसिद्ध होते.

मला स्वतःला मृत्यूचा फलक सगळ्यांत आवडतो. बाकीच्या तिन्हींत गर्दी आहे, हालचाल आहे. इथे विषयच एकांताचा आहे. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत, किनाऱ्यावरच्या बेटावर तापाने गेलेला माणूस. गर्दी रचण्यात हात बसलेल्या बारोक शिल्पकाराला असा प्रसंग अवघड जातो आणि फोज्जीनीने तो निभावला आहे.

ग्रँड ड्यूकने इतकी महागडी भेट गोव्याला का पाठवली?

नेहमी सांगितली जाते ती हकीकत अशी: संताच्या डोक्याखाली असलेली एक उशी झेवियर ज्या जेझुइट धर्मसंघाचा होता त्याचे गोव्याचे प्रतिनिधी फ्रान्सिस्को सार्मेंतो यांनी कोझिमोला दिली आणि त्या पवित्र अवशेषाच्या बदल्यात कृतज्ञता म्हणून त्याने हा चौथरा करवला.

यामागे कोझिमोचा स्वभाव आहे. तो कमालीचा धार्मिक होता, संतांचे अवशेष गोळा करणे हा त्याचा ध्यास. त्याच्या काळात फोज्जीनी आणि सोल्दानी यांच्याकडून अशा अवशेषांसाठी कितीतरी पात्रे बनवून घेतली गेली. त्याच कोझिमोच्या राज्यात करांचा बोजा जाचक होता आणि ज्यूंवर कडक निर्बंध होते. तेव्हा गोव्यातल्या या झगमगत्या दगडांमागे तोस्कानाच्या रयतेचा घाम आहे, हे विसरू नये असे मला वाटते. शिवाय ताकद आणि व्यापार घसरत चाललेल्या छोट्या राज्याला मोठेपणा दाखवायची ही एक वाट होती. सैन्य पाठवता येत नव्हते, पण जगात कुणी करू शकणार नाही असे दगडकाम पाठवता येत होते.

या समाधीचा मराठ्यांच्या इतिहासाशी संबंध येतो का?

येतो, आणि तो चौथरा येण्याच्या पंधरा वर्षे आधीचा आहे. नोव्हेंबर 1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर चढाई केली आणि जुवे बेटावरचा किल्ला घेतला. राजधानी हाकेच्या अंतरावर आली. त्या वेळचा व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर, बॉम जेझुसमध्ये गेला आणि आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन करून त्याने रक्षणाची याचना केली. पुढे मोगल फौज कोकणात उतरू लागल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी त्याचे श्रेय संताला दिले. संताचे स्थान त्यानंतर तिथे आणखी उंचावले. कोझिमोची भेट आली ती अशा वातावरणात.

झेवियरविषयी आक्षेप असणाऱ्याने हे शिल्प कसे पाहावे?

डोळे उघडे ठेवून. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायासन, 1560 मध्ये, झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी सुरू झाले, पण ते आणावे अशी मागणी त्याने स्वतः पोर्तुगालच्या राजाला पत्रातून केली होती. हिंदू, नवख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबांनी त्या न्यायासनाचे जे चटके सोसले ते आपल्या किनाऱ्यावर अजून विसरलेले नाहीत. दुसरीकडे, आजही 3 डिसेंबरच्या फेस्ताला नवस फेडायला येणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात आणि ‘गोंयचो सायब’ हे त्यांचे प्रेमाचे नाव आहे.

फोज्जीनीच्या फलकांतले स्थानिक लोक हे फ्लॉरेन्समध्ये बसून कल्पिलेले आहेत. त्यांना बोलायला तोंड दिलेले नाही, फक्त ऐकणे, गुडघे टेकणे किंवा हल्ला करणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले आहे. हे टिपणे हाही ते शिल्प नीट पाहण्याचाच भाग आहे. कारागिरी थोर आहे हे मान्य करताना ती कुणाच्या बाजूने बोलते आहे, हेही पाहावे.

फ्लॉरेन्समधली त्याची महत्त्वाची कामे कोणती?

पहिले नाव कोर्सीनी चॅपेलचे, सांता मारिया देल कार्मिने चर्चमधले. 1680 च्या दशकात त्याने तिथे संगमरवराचे प्रचंड उठावफलक केले. विषय चौदाव्या शतकातला बिशप आंद्रेआ कोर्सीनी. एका फलकात तो स्वर्गारोहण करतो, तर दुसऱ्यात 1440 च्या आंग्यारीच्या लढाईत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, आकाशातून उतरून फ्लॉरेन्सच्या बाजूने उभा राहतो. घोडे, भाले, ढग यांचा असा लोंढा फ्लॉरेन्सने संगमरवरात यापूर्वी पाहिला नव्हता. रोमचे बारोक या शहरात आले ते या फलकांतून. 1771 मध्ये चर्चला आग लागून आतला बहुतेक भाग जळाला, पण हे चॅपेल वाचले.

दुसरे, सांतिस्सिमा आन्नुन्झियाता चर्चमधले फेरोनी चॅपेल, 1691 ते 1693. रचना फोज्जीनीची, पुतळे वेगवेगळ्या शिल्पकारांचे. ज्याच्यासाठी हे केले तो फ्रान्चेस्को फेरोनी ॲमस्टरडॅममध्ये राहून गब्बर झालेला व्यापारी होता आणि त्याच्या पैशात आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता. सोने आणि संगमरवर बघताना मला ही माहिती बाजूला ठेवता येत नाही.

वास्तुविशारद म्हणून त्याचे सर्वांत सुबक काम लहान आहे: आर्नो नदीपलीकडच्या चढावरचे सान जोर्जो अल्ला कोस्ता चर्च. जुन्या इमारतीचा अंतर्भाग त्याने अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्याने घडवला. पिसाच्या कॅथेड्रलमधली संत रानियेरीची समाधी 1688 ची आहे. गोव्याचे काम हाती घेण्याआधी संताचे शव वागवणारी रचना त्याने तिथे एकदा करून पाहिली होती.

याखेरीज राजघराण्याच्या व्यक्तींचे अर्धपुतळे आहेत. त्यांतले कोझिमो आणि युवराज फेर्दिनांदो यांचे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. व्हर्सायसाठी त्याने प्राचीन मूर्तींच्या संगमरवरी प्रतिकृती केल्या. टेबलावर ठेवायचे छोटे काँस्यपुतळे तर युरोपभर गेले.

गॅलिलिओच्या समाधीवरचा अर्धपुतळा त्याचाच ना?

हो. सांता क्रोचे चर्चमधले स्मारक 1737 मध्ये, फोज्जीनी वारल्यानंतर बारा वर्षांनी उभे राहिले. गॅलिलिओ 1642 मध्ये गेला तेव्हा चर्चच्या रोषामुळे त्याला मानाची समाधी मिळाली नव्हती. स्मारकावरचा अर्धपुतळा जोव्हानी बात्तिस्ताचा आणि शेजारची खगोलविद्येची मूर्ती त्याचा मुलगा व्हिन्चेंझो याची. एकाच शिल्पकाराने जेझुइटांच्या लाडक्या संतासाठी काम केले आणि चर्चने शिक्षा दिलेल्या वैज्ञानिकाचा चेहराही घडवला.

मग बर्नीनीसारखे त्याचे नाव का झाले नाही?

एक कारण म्हणजे रोम. बर्नीनीची कामे जगभरच्या यात्रेकरूंच्या वाटेवर आहेत, फोज्जीनीची उत्तम कामे चर्चच्या बाजूच्या चॅपेलमध्ये, कपाटांवर आणि भारतात. दुसरे, फ्लॉरेन्सला जाणारा माणूस पंधराव्या-सोळाव्या शतकासाठी जातो. दोनातेल्लो आणि मायकेलअँजेलो पाहून झाल्यावर सतराव्या शतकाच्या शेवटासाठी त्याच्याकडे वेळ उरत नाही. तिसरे, एकोणिसाव्या शतकातल्या कलासमीक्षकांना बारोक अतिरेकी वाटे आणि फ्लॉरेन्समधल्या उत्तरकालीन बारोक शिल्पांचा गंभीर अभ्यास विसाव्या शतकातच सुरू झाला.

तुलनाच करायची तर बर्नीनीइतकी प्रतिभेची झेप फोज्जीनीत नाही, हे मी मान्य करतो. पण दगड, धातू, लाकूड आणि इमारत यांना एका रचनेत बांधण्याची त्याची ताकद दुर्मीळ आहे.

त्याचे शिष्य कोण?

ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्याची शिल्पे करणारा बाल्थाझार पर्मोझर तरुणपणी अनेक वर्षे फ्लॉरेन्समध्ये फोज्जीनीच्या हाताखाली होता. रोमच्या प्रसिद्ध त्रेव्ही कारंज्यातल्या मूर्तींवर काम करणारा फिलिप्पो देल्ला व्हाल्ले हाही त्याच्याकडेच शिकला.

त्याच्यानंतर काय झाले?

धनी गेला आणि दोन वर्षांत चाकरही. 1737 मध्ये शेवटचा मेदिची ग्रँड ड्यूक जान गास्तोने निपुत्रिक वारला आणि राज्य परक्या घराण्याकडे गेले. पण ज्या मुलीच्या नवऱ्यासाठी ते कपाट झाले, त्या आन्ना मारिया लुईझाने त्याच वर्षी करार करून मेदिचींचा सारा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही अशी तजवीज केली. आज फोज्जीनीची दरबारी कामे बहुतांशी तिथेच पाहायला मिळतात ती तिच्यामुळे.

त्याचे मेणाचे आणि मातीचे नमुने मुलगा व्हिन्चेंझोकडे राहिले. फ्लॉरेन्सजवळ दोच्चा येथे 1735 मध्ये स्थापन झालेल्या जिनोरी यांच्या पोर्सिलिन कारखान्याने व्हिन्चेंझोकडून ते नमुने विकत घेतले. काँस्यासाठी केलेल्या आकृती पांढऱ्या चिनी मातीत नव्याने निघू लागल्या.

गोव्यात हे काम नीट पाहायचे तर काय करावे?

समाधीचे चॅपेल बासिलिकेत वेदीकडे तोंड केले की उजव्या हाताला आहे. दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाच्या काळात (मागचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 होते) किंवा फेस्ताच्या आठवड्यात चौथऱ्याजवळ थांबता येणार नाही. पावसाळ्यातली कामाच्या दिवसाची सकाळ उत्तम.

छोटी दुर्बीण जवळ ठेवा, कारण फलक डोळ्यांच्या उंचीच्या वर आहेत. एका कोपऱ्यावर उभे राहून दोन बाजू एकदम दिसतील अशी जागा घ्या. समोरून पाहिल्यावर न कळणारी थरांची निमुळती चढण तिथून कळते. आधी पूर्ण उंची पाहा, मग फक्त दगडांचे रंग, मग फलक आणि शेवटी पेटी. अंग झाकणारे कपडे घाला. हे वापरातले प्रार्थनास्थळ आहे. मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा आणि संपल्यावर आत जा.